घाव मोजा: एज ऑफ एम्पायर्समध्ये मेटलवर्किंग कधी घ्यावं

'एज ऑफ एम्पायर्स' हा संगणकावर गाव वसवून सैन्य लढवायचा खेळ. त्याच्या पहिल्या भागात ब्राँझ एज (स्टोन, टूल, ब्राँझ, आयर्न या चार युगांतलं तिसरं) लागलं, की नवा खेळाडू हमखास एका बटणापाशी अडतो. स्टोरेज पिट, म्हणजे लाकूड-सोनं जमा करायची इमारत, निवडली की खाली मेटलवर्किंग दिसतं. किंमत २०० फूड आणि १२० गोल्ड. दाबावं की थांबावं? तेवढ्या फूडमध्ये चार व्हिलेजर (काम करणारी माणसं) निघाले असते, आणि गोल्ड तर खाणीतून नुकतंच यायला लागलेलं असतं.

हा लेख त्या एका बटणाबद्दल आहे. तिथपर्यंत कसं पोचायचं, त्याचा उपयोग कोणाला होतो, कधी होत नाही आणि दाबायची वेळ कशी ओळखायची, हे क्रमाने सांगतो. आकडे १९९७ सालच्या मूळ खेळातले आहेत. तुम्ही २०१८ ची डेफिनिटिव्ह एडिशन खेळत असाल, किंवा २०२३ साली दुसऱ्या भागाला जोडून आलेलं 'रिटर्न ऑफ रोम', तर एखादा आकडा मागेपुढे झालेला दिसेल. तेव्हा पडद्यावर दिसेल तो आकडा धरा. हिशोबाची रीत तीच राहते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

मेटलवर्किंग म्हणजे धातुकाम. नाव वाचून कोणालाही वाटेल, की याने खाणकाम वाढत असेल, गोल्ड भरभर येत असेल. तसं काही होत नाही. गोल्डसाठी मार्केटमध्ये गोल्ड मायनिंग नावाचं वेगळं संशोधन आहे आणि ते टूल एजमध्येच मिळतं. मेटलवर्किंग एकच काम करतं: हातघाईवर लढणाऱ्या सैनिकांचा अटॅक, म्हणजे घावाचा जोर, २ ने वाढवतं.

हातघाईवर लढणारे म्हणजे बॅरॅक्समधले कुऱ्हाडवाले आणि तलवारवाले, तबेल्यातले स्काउट आणि कॅव्हलरी, साधा रथ, अकॅडमीतले हॉप्लाइट (जड चिलखतातले भालेवाले), आणि पुढे आयर्न एजमधले वॉर एलिफंट. धनुर्धारी, रथातले धनुर्धारी, दगडफेकी यंत्रं, टॉवर आणि जहाजं यांना या संशोधनातून काहीही मिळत नाही. तुमचं सैन्य धनुष्यबाणांवर उभं असेल, तर हे बटण सरळ विसरा आणि ते १२० गोल्ड पुढच्या कंपोझिट बोमनांना (ब्राँझ एजमधल्या धनुर्धाऱ्यांना) द्या. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी नव्या खेळाडूचं बरंच नुकसान वाचतं.

या शिडीला तीन पायऱ्या आहेत. टूल एजमध्ये टूलवर्किंग (१०० फूड, अटॅक +२), ब्राँझ एजमध्ये मेटलवर्किंग (२०० फूड, १२० गोल्ड, आणखी +२) आणि आयर्न एजमध्ये मेटलर्जी (३०० फूड, १८० गोल्ड, आणखी +३). खालची पायरी घेतल्याशिवाय वरची उघडत नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्राँझ एज म्हणतात, पण खेळात ना तांबं आहे ना कथील. आहे ते फक्त सोनं. मला आधी हे खटकायचं, नंतर पटलं. कांसं म्हणजे तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील, आणि तांबं नि कथील एकाच गावात सापडणं दुर्मीळ. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुन इथे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बुडालेलं एक जहाज सापडलं. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं पाणबुडे त्याचं उत्खनन करत होते. त्या जहाजात सुमारे दहा टन तांबं होतं आणि सुमारे एक टन कथील. दहास एक, म्हणजे ओतायला काढलेलं कांसंच जणू वेगवेगळ्या लाद्यांमध्ये चाललं होतं. इजिप्त, हित्ती, मिनोअन या खेळातल्या संस्कृती त्याच व्यापारावर जगत होत्या. धातूची हत्यारं हवीत तर दूरदेशी काहीतरी मोलाचं मोजावं लागायचं, आणि खेळातलं गोल्ड हे त्या मोलाच्या जागी आहे असं मी धरतो. टूलवर्किंगला गोल्ड लागत नाही आणि मेटलवर्किंगला लागतं, यातली खूण मग आपोआप कळते.

पायरी पहिली: टूल एज

स्टोन एजमध्ये ग्रॅनरी (धान्याचं कोठार) बोरांच्या झुडपांजवळ आणि स्टोरेज पिट झाडांजवळ किंवा शिकारीजवळ बांधा. दोन्ही प्रत्येकी १२० वूडचे. या दोन इमारती झाल्या, की ५०० फूड भरून टूल एजला जाता येतं. व्हिलेजर काढणं मधे थांबवू नका. हातघाईची लढाई खेळायची असल्याने बॅरॅक्सही लागणारच. त्याशिवाय तबेला बांधता येत नाही, आणि तबेल्याशिवाय ब्राँझ एजमध्ये अकॅडमी मिळत नाही.

पायरी दुसरी: टूलवर्किंग

टूलवर्किंगबद्दल फार विचार करायची गरज नाही. १०० फूड म्हणजे दोन व्हिलेजर, आणि गोल्ड शून्य. टूल एजमध्येच कुऱ्हाडवाले घेऊन शेजाऱ्यावर चालून जायचं असेल तर ते लगेच घ्या. कुऱ्हाडवाल्याचा अटॅक ५, व्हिलेजरचे हिट पॉइंट (अंगातला जीव) २५, म्हणजे एक व्हिलेजर मारायला पाच घाव. टूलवर्किंगनंतर अटॅक ७ होतो आणि काम चार घावांत होतं. चालून जायचं नसेल तर आधी ब्राँझ एजसाठी ८०० फूड साठवा आणि टूलवर्किंग वर गेल्यावर घ्या.

पायरी तिसरी: सोनं

ब्राँझ एजला जायचा प्रवास सुरू झाला, की नव्या खेळाडूकडून एक गोष्ट राहून जाते. व्हिलेजर शेतावर आणि झाडांवरच असतात, गोल्डवर कोणीच नसतं. एज बदलल्यावर स्टोरेज पिट उघडलं की मेटलवर्किंगचं बटण दिसतं, पण पैसे नसतात. त्यामुळे एज बदलत असतानाच चार-पाच जण खाणीवर पाठवा, आणि खाणीला अगदी चिकटून नवं स्टोरेज पिट बांधा. एक व्हिलेजर एका खेपेत १० गोल्ड आणतो, म्हणजे मेटलवर्किंगच्या १२० गोल्डला बारा खेपा. चार जण असतील तर प्रत्येकी तीन. पिट दोन पावलांवर असेल तर हे काम चुटकीसरशी होतं. तेच पिट पडद्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तुमचा सगळा डाव चालण्यातच जातो.

नव्या पिटचा आणखी एक फायदा आहे. एका पिटमध्ये एका वेळी एकच संशोधन चालतं. दोन पिट असली तर एकीकडे मेटलवर्किंग आणि दुसरीकडे चिलखत असं एकदमच करता येतं.

पायरी चौथी: घाव मोजा

माझं सगळं म्हणणं या पायरीत आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

हिशोब सोपा आहे. मारणाऱ्याच्या अटॅकमधून समोरच्याचं आर्मर (चिलखताचा आकडा) वजा करा. उरेल तेवढे हिट पॉइंट एका घावात कमी होतात. आर्मर कितीही असलं तरी निदान १ तरी कमी होतोच. आता समोरच्याचे एकूण हिट पॉइंट त्या आकड्याने भागा आणि पूर्णांकात वर जा. आला तो घावांचा आकडा. अपग्रेडने तो आकडा बदलला तर अपग्रेड कामाचं. बदलला नाही, तर त्या शत्रूपुरते तुमचे १२० गोल्ड पाण्यात. अर्धा घाव असा काही प्रकार नसतो.

शॉर्ट स्वोर्ड्समन घ्या. अटॅक ७, हिट पॉइंट ६०, आर्मर १. समोर त्याच्यासारखाच दुसरा उभा आहे. ७ वजा १ म्हणजे ६, साठाला दहा घाव. टूलवर्किंग असेल तर ८ चा घाव आणि आठ घावांत काम. मेटलवर्किंगही असेल तर १० चा घाव आणि सहा घाव. दहा, आठ, सहा. दोघं एकाच वेगाने तलवार फिरवतात, तेव्हा आठाऐवजी सहा घाव लागणाऱ्याची रांग उभी राहते आणि दुसऱ्याची झोपते. इथे मेटलवर्किंग डोळे झाकून घ्यावं.

आता समोर कंपोझिट बोमन आणा. हिट पॉइंट ४५, आर्मर नाही. नुसत्या ७ अटॅकने सात घाव लागतात. टूलवर्किंगने अटॅक ९ झाला आणि नऊ पाचे पंचेचाळीस, बरोबर पाच घाव. आता मेटलवर्किंग घ्या. अटॅक ११, चार घावांत ४४. बोमन एका हिट पॉइंटवर उभा आहे आणि अजून बाण मारतोय. पाचवा घाव घालावाच लागतो. म्हणजे शत्रूकडे नुसते कंपोझिट बोमन असतील तर शॉर्ट स्वोर्डसाठी टूलवर्किंग पुरे आहे.

कॅव्हलरीचा हिशोब वेगळा येतो. तिचा मूळ अटॅक ८. त्याच बोमनला मारायला मूळचे सहा घाव, टूलवर्किंगने पाच, मेटलवर्किंगने चार. प्रत्येक पायरीला एक घाव वाचतो, त्यामुळे धनुर्धाऱ्यांवर घोडे घालायचे असतील तर मेटलवर्किंग वसूल होतं.

पण तीच कॅव्हलरी व्हिलेजरांवर सोडली तर? हा धडा मला माझ्या मावसभावाने लॅनवर दिला. मी मेटलवर्किंग होईपर्यंत घरी थांबलो आणि मग चार घोडे त्याच्या लाकूडतोड्यांवर सोडले. १२ चा घाव, दोन घावांत २४, आणि व्हिलेजरचे २५. मी एकावर क्लिक करून खालच्या पट्टीत बघत होतो: पंचवीस, तेरा, एक. तो एकचा आकडा तसाच धरून व्हिलेजर टॉवरच्या दिशेने पळाला, आणि माझा घोडा त्याच्यामागे टॉवरच्या माऱ्यात शिरला. नुसत्या टूलवर्किंगनेही मला तीनच घाव लागले असते, आणि मी कितीतरी आधी पोचलो असतो. तेव्हापासून मी आधी भागाकार करतो आणि मग बटण दाबतो.

हॉप्लाइटचं उदाहरण नव्या खेळाडूला सगळ्यात जास्त चकवतं. त्याचा मूळ अटॅकच १७. त्यात २ मिळवल्याने मोठा फरक पडत नाही. कंपोझिट बोमनला मूळचे तीन घाव, टूलवर्किंगने तीन, मेटलवर्किंगनेही तीनच. हॉप्लाइटसमोर हॉप्लाइट (हिट पॉइंट १२०, आर्मर ५) असेल तर दहा, नऊ, आठ. एका हॉप्लाइटला ६० फूड आणि ४० गोल्ड लागतात, म्हणजे मेटलवर्किंगच्या १२० गोल्डमध्ये तीन हॉप्लाइट उभे राहतात. तुमच्याकडे पाच-सहाच हॉप्लाइट असतील तर आणखी तिघं काढा, तो व्यवहार जास्त फायद्याचा. शत्रू शॉर्ट स्वोर्ड घेऊन येत असेल तर मात्र मेटलवर्किंगने चारावरून तीन घावांवर येता. तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

उलट बाजूने बघितलं तर आर्मर जेवढं जाड, तेवढा छोट्या अटॅकचा फायदा मोठा. शॉर्ट स्वोर्डला हॉप्लाइट पाडायला मूळचे साठ घाव लागतात, टूलवर्किंगने तीस, मेटलवर्किंगने वीस. वीस घाव घालेपर्यंत तलवारवाला जिवंत राहत नाही, म्हणून एकास एक भिडू नका. पण दहा जणांनी घेरला असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच घाव येतात. थोडक्यात, ज्याचा मूळ अटॅक कमी त्याला मेटलवर्किंग जास्त फळतं.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. खेळातला सिनारिओ एडिटर उघडा. आपला एक सैनिक आणि शत्रूचा एक असे मोकळ्या मैदानात समोरासमोर ठेवा, शत्रूच्या सैनिकावर क्लिक करा आणि खालच्या पट्टीत त्याचे हिट पॉइंट कसे उतरतात ते बोटांवर मोजा. दहा मिनिटांत चार-पाच जोड्या बघून होतात, आणि मग खऱ्या डावात विचार करायला वेळ जात नाही.

घाव मोजण्यावरून पुण्याची तांबट आळी आठवते. कसब्याकडे गेलात तर तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडताना ऐकू येतात. त्याला मठारकाम म्हणतात. एकसारख्या ओळीत पडणाऱ्या त्या ठोक्यांनी भांड्याला नुसती नक्षी येत नाही, मऊ तांबं कठीण होतं. कथील मिसळलं की तो कठीणपणा आणखी वाढतो. टूलवर्किंगकडून मेटलवर्किंगकडे जाताना खेळ दोन अंकांत जे सांगतो, ते तिथे उभं राहिलं की कानाला कळतं.

पायरी पाचवी: त्याच पैशात दुसरं काय येतं

बॅरॅक्सच्या जोरावर खेळत असाल तर मेटलवर्किंगच्या आधी ब्रॉड स्वोर्डचं अपग्रेड बघा. १४० फूड, ५० गोल्ड. त्यात तलवारवाल्याचा अटॅक ७ वरून ९ होतो आणि हिट पॉइंट ६० वरून ७०. म्हणजे मेटलवर्किंगइतकाच अटॅक, वर दहा हिट पॉइंट, आणि किंमत कमी. फक्त तलवारवालेच काढणार असाल तर आधी ब्रॉड स्वोर्ड आणि मग मेटलवर्किंग, हाच क्रम बरोबर. सगळ्याच संस्कृतींना ब्रॉड स्वोर्ड मिळत नाही, म्हणून डाव सुरू होण्याआधी आपल्या संस्कृतीचा तक्ता बघून घ्या.

दुसरा पर्याय चिलखताचा. पायदळाचं लेदर आर्मर ७५ फूड, आणि त्यावरचं स्केल आर्मर १०० फूड नि ५० गोल्ड. दोन्ही मिळून आर्मर ४ ने वाढतं. शत्रूने टूलवर्किंग आणि मेटलवर्किंग घेऊन अटॅक ४ ने वाढवला असेल, तर तुमचं चिलखत तो सगळाच्या सगळा खाऊन टाकतं. त्याच्या शॉर्ट स्वोर्डला तुमचा शॉर्ट स्वोर्ड पाडायला पुन्हा दहा घाव लागतात. त्याचे यात ३०० फूड आणि १२० गोल्ड गेले, तुमचे १७५ फूड आणि ५० गोल्ड. चिलखत स्वस्तच पडतं.

मग मेटलवर्किंग घ्यायचंच कशाला? दोन कारणं. एक म्हणजे हे चिलखत बाणांना अडवत नाही, त्यासाठी ब्राँझ शील्ड वेगळं घ्यावं लागतं. दुसरं जास्त महत्त्वाचं: चिलखत पायदळाचं वेगळं, घोडदळाचं वेगळं, धनुर्धाऱ्यांचं वेगळं. मेटलवर्किंग एकदा घेतलं की तलवारवाला, घोडेस्वार आणि हॉप्लाइट सगळ्यांना लागू होतं. सैन्य जितकं सरमिसळ, तितकं ते स्वस्त पडतं.

पायरी सहावी: बटण दाबायची वेळ

माझा नेम असा आहे. हातघाईवर लढणारे सात-आठ जण उभे असतील आणि आणखी निघत असतील तर दाबा. १२० गोल्ड म्हणजे आठ शॉर्ट स्वोर्डचं गोल्ड. आठापेक्षा कमी लोक असताना माणसं वाढवणं बरं, त्यापुढे हत्यार सुधारणं बरं.

संशोधन पूर्ण झालं की ते आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या सैनिकांना लागू होतं, त्यामुळे आधी बटण आणि मग माणसं असा क्रम लागत नाही. सैन्य घरून निघायच्या जरा आधी संशोधन सुरू करा, म्हणजे वाटेत असतानाच ते पूर्ण होतं. स्टोरेज पिटमध्ये संशोधन चालू असल्याने टाउन सेंटरमधून व्हिलेजर निघणंही अडत नाही. झालं की नाही हे एखाद्या सैनिकावर क्लिक करून अटॅकच्या आकड्यावरून बघा.

दोन वेळा मात्र थांबा. शत्रू तुमच्या शेतांवर पोचला असेल तर त्या क्षणी उभा राहणारा माणूस कामाचा, संशोधनाची वाट बघू नका. आणि लढाई न करता थेट आयर्न एजला जायचं ठरवलं असेल तर त्याला १००० फूड आणि ८०० गोल्ड लागतात. त्यातलं १२० गोल्ड वळवलं की तुमचा प्रवास तेवढा लांबतो.

पायरी सातवी: पुढची पायरी

ब्राँझ एजमध्ये जे घाव वाचले नाहीत, ते आयर्न एजमध्ये वाचतात. मेटलर्जी घेतली की तिन्ही पायऱ्या मिळून अटॅक ७ ने वाढतो. तो हॉप्लाइट आठवा, कंपोझिट बोमनला तीनच घाव लागत होते. आता त्याचा अटॅक २४ आहे आणि दोन घावांत ४८ होतात. कॅव्हलरी १५ वर पोचते आणि पंचवीसचा व्हिलेजर दुसऱ्या घावाला पडतो. मेटलर्जीच्या आधी मेटलवर्किंग लागतंच, त्यामुळे आयर्न एजला हातघाईचं सैन्य घेऊन जाणार असाल तर ते कधीतरी घ्यावं लागणारच आहे. फक्त आपल्या संस्कृतीच्या तक्त्यात मेटलर्जी आहे ना, तेवढं आधी बघा. नसेल तर ब्राँझ एजमध्येच समोरच्याचे हिट पॉइंट भागून बघायचे आणि तिथेच निकाल लावायचा.